सत्तेचाळिसाव्या पानावरची सिद्धता

तर्कशास्त्र हा विषय मी मार्कांसाठी घेतला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे त्याच्यापायी मी किती जीव जाळला हे वाचताना कुणाला माझ्याबद्दल उगाच आदर वाटायला नको. गारगोटीला अकरावीचा फॉर्म भरताना खिडकीतल्या क्लार्कनं मान वर न करता सांगितलं, "तर्कशास्त्र घे की. गणितागत मार्क पडत्यात, आन् गणित न्हाय." एवढ्यावर माझं आयुष्य ठरलं. घरी चुलत्यांची समजूत झाली की पोरगी आता ऊठसूट सगळ्यांशी वाद घालणार. ती समजूत मात्र खरी ठरली.

विषय डोक्यात बसला तो निराळ्याच कारणानं. तीन-चार विधानं दिलेली असायची. त्यांच्यापासून एकेक पायरी उतरत निष्कर्षापर्यंत पोचायचं आणि प्रत्येक पायरीपुढे ती कुठल्या नियमानं आली ते लिहायचं. नियम नाही तर पायरी नाही. आमच्या घरात कुठल्याच निर्णयापुढे कारण लिहिलेलं नसायचं. थोरल्या बहिणीची शाळा का सोडवली, बांधावरचं आंब्याचं झाड का तोडलं, काहीही विचारलं की "लई शानी झालीस" हे उत्तर. वहीत मात्र मोठ्यातल्या मोठ्यालाही कारण द्यावं लागत होतं. मला ते फार आवडलं.

बी.ए.ला असताना एक प्रश्न पडला. आम्हाला नियमांची एक यादी पाठ करायला दिली होती. समजा एखादा युक्तिवाद अगदी बिनचूक आहे, पण या यादीतल्या नियमांनी तो सिद्धच करता येत नाही, असं होऊ शकतं का? एवढेच नियम पुरतात हे ठरवलं कुणी? मी वर्गात उठून विचारलं. मॅडमनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हे पेपरात येत नाही." वर्ग हसला. मी खाली बसले, पण प्रश्न काही बसला नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एम.ए.साठी कोल्हापूरला विद्यापीठात आले, आणि पहिल्याच आठवड्यात तोच प्रश्न सरांना विचारला. सर तेव्हा पन्नाशीच्या पुढचे. अंगानं बारीक, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी खडूचे तुकडे. नृसिंहवाडीजवळच्या एका खेड्यातल्या जैन शेतकरी कुटुंबातले. घरात शिकलेले ते पहिले आणि तर्कशास्त्र शिकलेले बहुधा अख्ख्या तालुक्यात एकटे. त्यांनी माझा प्रश्न ऐकला, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "हा प्रश्न तुझा तुला पडला?"

"व्हय सर. लई दिवस झालं."

"हा तर्कशास्त्रातला प्रश्न नव्हे. तर्कशास्त्राबद्दलचा आहे. आत बसून याचं उत्तर मिळत नाही, बाहेर येऊन सगळ्या पसाऱ्याकडे बघायला लागतं."

उत्तर होतं: पुरतात. आणि ते कुणाचं मत नव्हतं, त्याचीही सिद्धता होती. त्याला पूर्णतेचं प्रमेय म्हणतात. जेवढे म्हणून युक्तिवाद बिनचूक आहेत तेवढे सगळे नियमांनी सिद्ध करता येतात, एकही सुटत नाही. कुणीतरी माझ्या आधी हाच प्रश्न विचारला होता आणि त्याला "पेपरात येत नाही" असं न सांगता उत्तर दिलं होतं, याचा मला इतका आनंद झाला की त्या दिवशी हॉस्टेलच्या मेसमधली आमटीसुद्धा मी दुसऱ्यांदा मागून घेतली.

अडचण एकच होती. ती सिद्धता इंग्रजीत होती. इंग्रजीचं एक पान मला अर्धा दिवस पुरायचं आणि त्यात निम्मा वेळ डिक्शनरीत जायचा. सरांकडे मराठीतल्या टिपणांच्या वह्या होत्या, पण त्या तुटक. त्यांचीही एक इच्छा होती. गारगोटीची, राधानगरीची, जिला इंग्रजीचं वाक्य धड लागत नाही अशी पोरगी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचू शकेल अशी या प्रमेयाची अख्खी सिद्धता मराठीत व्हावी. "मला वाटत होतं आपण करू," ते एकदा म्हणाले, "पण वर्कलोड, मीटिंगा, पेपर तपासणी. राहून गेलं." मी म्हणाले, मी लिहितो. आमच्याकडच्या मुली "लिहितो, जातो"च म्हणतात. सर हसले आणि म्हणाले, "लिही. मी तपासतो. मी झाली म्हणेपर्यंत झाली म्हणायचं नाही."

तेव्हापासून मला या जगात एवढंच पाहिजे होतं. सिद्धता लिहायची आणि सरांनी ती वाचून "झाली" म्हणायचं.

तर्कशास्त्राचा ऐच्छिक पेपर घ्यायला त्या वर्षी आम्ही दोघी होतो. दिवाळीत दुसरीचं लग्न ठरलं आणि ती गेली. एका विद्यार्थिनीसाठी पेपर चालवता येत नाही, असा कागद वरून आला. मला नीतिशास्त्रात ढकललं. सर मात्र मला वेळापत्रकाबाहेर शिकवत राहिले. शेवटचा तास संपला की त्यांच्या खोलीत फळ्यापुढे आम्ही दोघं. एम.ए. झालं, मग त्याच प्रमेयावर एम.फिल.ला नाव घातलं. मध्ये घर, आजारपणं, दोन ठिकाणी तासांवर शिकवणं, असं करत करत ते पाच-सहा वर्षं रखडलं. पण कोल्हापुरात असले की संध्याकाळी सरांची खोली ठरलेली.

सरांचा एक नियम होता. ते दिवस मावळायच्या आत जेवायचे. लहानपणापासूनची सवय, अंधार पडल्यावर अन्नाला शिवायचं नाही. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, राजारामपुरीतल्या घरी ताट वाढून वाट बघत. त्यामुळे खिडकीतलं ऊन समोरच्या भिंतीवर ठरावीक जागी चढलं की सर खडू खाली ठेवत, हात झटकत आणि सायकलला किल्ली लावायला निघत. मग सिद्धता कुठल्या का पायरीवर असेना. उन्हाळ्यात आम्हाला दीड तास मिळे. मार्गशीर्षात पाऊण तास म्हणजे डोक्यावरून पाणी. मला त्याचा राग यायचा. एकदा मी म्हणालेही, "सर, येक दिस उपास धरा की." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "नियम नाही तर पायरी नाही, तूच म्हणतेस ना?" 

निघताना ते नेहमी म्हणत, "पुढचं सरळ आहे. घरी भरून आण."

आता त्या सिद्धतेतली एक गोष्ट सांगायला हवी. ती अवघड नाही. ज्या विधानांत आपापसात विरोध नाही अशी विधानं घ्यायची आणि ती सगळी ज्यात खरी ठरतील असं एक जग उभं करून दाखवायचं. आता त्या विधानांत "गावात कुणीतरी डावखुरा आहे" असं एखादं असेल, तर नुसतं "कुणीतरी" म्हणून भागत नाही. बोट दाखवून सांगावं लागतं, हा बघा तो डावखुरा. त्यासाठी आधी कुणालाच न दिलेलं एक नवं नाव घ्यायचं आणि ते साक्षीदार म्हणून त्या विधानाला जोडायचं. जेवढी "कुणीतरी"ची विधानं तेवढे साक्षीदार. हा भाग आम्ही केला तो नेमका डिसेंबरात. तीन संध्याकाळी लागल्या आणि तिन्ही वेळा ऊन भिंतीवर चढलं. तिसऱ्या दिवशी साक्षीदार जोडून झाले आणि सर सायकलकडे निघता निघता म्हणाले, "पुढचं सरळ आहे." मी हॉस्टेलवर जाऊन लिहिलं, "याचप्रमाणे उरलेल्या विधानांबाबत." सरांनी दुसऱ्या दिवशी ते पान बघितलं आणि उलटलं. मला वाटलं, सरांनी डोक्यात करून बघितलं असणार. सरांना वाटलं, पोरीनं घरी करून बघितलं असणार. एरवी आम्ही एकमेकांचा स्वल्पविरामही सोडत नसू.

सर निवृत्त झाले त्या महिन्यात प्रबंध बांधून आला. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, चार प्रती. मार्गदर्शक म्हणून सरांनी सही केली, पण "झाली" म्हटलं नाही. म्हणाले, "गावाकडं जातोय. तिथं निवांत एकदा पहिल्यापासून वाचतो आणि मग सांगतो." त्यांच्या जागी कुणी येणार नव्हतं. पद रिकामं राहिलं, आणि पुढच्याच जूनमध्ये अभ्यासक्रम बदलला तेव्हा ज्यात हे प्रमेय होतं तो ऐच्छिक पेपरही यादीतूनच गेला.

तोंडी परीक्षेला महिना होता. घरात धाकट्या भावाचं लग्न होतं. आमच्यात लग्नाच्या याद्या म्हणजे दुसरी निवडणूकच. कुणाला बोलवायचं हे वडील आणि चुलते ओसरीवर बसून सांगत होते आणि अक्षर बरं म्हणून लिहीत होते मी. भावकी झाली, पावणे झाले, यादी संपली म्हणून मी पेनाला टोपण लावलं, तर चुलते म्हणाले, "आन् पावण्यांचं पावणं? आत्तीच्या नणंदंच्या घरात सांगायला कोन जानार?"

"ती यादीत न्हाईती," मी म्हणाले.

"आत्तीचं घर यादीत आलं न्हवं आत्ता? मग तिचं पावणं बी आलं की. त्येंच्या घराला बी कोनतरी पायजे."

नव्या नावांबरोबर नवी नाती आली आणि नव्या नात्यांना पुन्हा नवी माणसं लागली. मी टोपण काढलं, आणि माझा हात तसाच राहिला. मी माझ्या साक्षीदारांचं काय केलं होतं? "कुणीतरी"च्या विधानांना नवी नावं दिली होती. पण नवी नावं आली की त्या नावांबद्दलही "कुणीतरी"ची विधानं तयार होतात: या डावखुऱ्याला कुणीतरी ओळखतं. त्यांना साक्षीदार कुठं होते? मी पहिल्या यादीवरच थांबले होते. सत्तेचाळिसाव्या पानावर, "याचप्रमाणे" या शब्दाखाली, सिद्धता तुटलेली होती. त्यापुढची चाळीस पानं त्याच पायरीवर उभी होती.

चुलते विचारत होते, "ल्हिलंस का?" मी लिहिलं. आत्तीच्या नणंदेचं घर, तीन माणसं.

चूक दुरुस्त न होण्यासारखी नव्हती. नव्या नावांनी तयार झालेल्या विधानांना पुन्हा साक्षीदार द्यायचे, मग त्यांनी तयार झालेल्यांना पुन्हा, असं करत जायचं आणि शेवटी सगळ्या याद्या एकत्र घ्यायच्या. इंग्रजी पुस्तकांत ते दुसऱ्याच ओळीत असणार. पण बांधलेल्या प्रती विद्यापीठात जाऊन बसल्या होत्या आणि त्यांवर सरांची सही होती. त्यांना फोन करायला म्हणून मी दोनदा एसटीडी बूथवर गेले आणि परत आले. फोनवर सांगण्यासारखी चूक नव्हती ती. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती.

तोंडी परीक्षेला सर आले नाहीत. तब्येत बरी नाही असा निरोप होता. बाहेरून आलेले परीक्षक सौंदर्यशास्त्राचे होते. त्यांनी प्रबंध मधूनच उघडला आणि विचारलं, या सगळ्याचा रोजच्या जगण्यात उपयोग काय? मी म्हणाले, "सर, आधी एक सांगायचं आहे. सत्तेचाळिसाव्या पानावर सिद्धता तुटली आहे." आणि उठून फळ्यावर मांडून दाखवायला लागले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. विभागप्रमुख खिडकीबाहेर बघायला लागले. परीक्षकांनी दोन मिनिटं सहन केलं आणि हसून म्हणाले, "असू दे, असू दे. एवढं कोण वाचतंय? छापताना बघा." आणि सही केली. मग सगळ्यांना चहा आला, बटाटेवडे आले. मी पास झाले. माझी एकूण लायकी आणि माझ्या विषयाची लायकी त्या एका "कोण वाचतंय" मध्ये मला कळली. मी वडा खाल्ला, तोही तिखट लागला नाही.

त्यानंतर मी सरांकडे ताबडतोब जायला हवं होतं. नाही गेले. मला वाटलं, चूक घेऊन जाण्यापेक्षा दुरुस्ती घेऊन जावी. नुसतं सत्तेचाळिसावं पान नव्हे, सगळीच सिद्धता पुन्हा लिहावी, जिथं जिथं "सरळ आहे" म्हणून सोडलं तिथं तिथं भरावी. सकाळी गारगोटीत तासांवर शिकवायचं, जूनमध्ये "पोरं आणा, न्हाईतर तुकडी बंद" म्हणून गावोगाव फिरायचं आणि उरलेल्या वेळात लिहायचं. दोनशे पानी वहीत एकाच शाईनं, खाडाखोड न करता. त्यात दीड वर्ष गेलं. आज वाटतं, दीड वर्ष लाजेला दिलं आणि नाव सिद्धतेचं घेतलं.

एका रविवारी सकाळी सरांच्या गावी गेले. ऊस, चिखल, पाटाचं पाणी. काकूंनी दार उघडलं, मला बघून त्यांचा चेहरा फुलला. "ये गं बाई. किती दिवसांनी! सर सोप्यात बसल्यात." मग जरा आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "तब्येत बरी हाय. जेवत्यात, फिरत्यात. पर कवा कवा ध्यानात ऱ्हात न्हाय त्येंच्या."

वय झालं की असं होतंच, असं मी मनात म्हटलं. सरांनी मला ओळखलं. गारगोटीची, हेही सांगितलं. माझा जीव भांड्यात पडला. मी वही काढली आणि म्हणाले, "सर, प्रबंधात चूक हुती. मी चुकलो. आता सगळी पुन्ना लिवलीया. तुमी तपासा."

"वाच," ते म्हणाले.

मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. ते डोळे मिटून ऐकत होते, मान हलवत होते. पहिली चार पानं झाली. "बरोबर," ते म्हणाले. साक्षीदारांचा भाग आला. मी थांबत थांबत वाचला, जिथं चूक होती ती जागा दाखवली, ती कशी भरली ते सांगितलं. "बरोबर," ते म्हणाले. मला इतकं बरं वाटलं, की दीड वर्षाचा शीण उतरला. आणखी दोन पानं वाचली. "बरोबर." आणखी एक. "बरोबर आहे."

पण या माणसानं आठ-नऊ वर्षांत माझं एक पान सलग ऐकून घेतलं नव्हतं. एका चिन्हाला दोन कंस जास्त पडले तरी खडू आपटला होता. मी वहीवरून नजर काढली. सर उन्हाकडे तोंड करून बसले होते, चेहरा अगदी समाधानी.

मी वहीत नसलेलं वाक्य वाचल्यासारखं म्हटलं, "म्हणून, प्रत्येक विधान सिद्ध करता येतं, आणि त्याच्या उलटचं विधानही सिद्ध करता येतं."

अकरावीचं पोरगंही यावर हसलं असतं. असं असेल तर तर्कशास्त्रच उरत नाही, काहीच उरत नाही.

"बरोबर आहे," सर म्हणाले. "छान लिहिलंस. झाली."

मी ओरडले नाही, रडलेही नाही. रडू नंतर आलं, जयसिंगपूरच्या स्टँडवर. तिथं मात्र उरलेली पानं वाचणं भाग होतं, कारण सर पुढची ओळ ऐकायला कान देऊन बसले होते. मी वाचत राहिले. ती पानं खरंच बरोबर होती, निदान मला तसं वाटत होतं. पण आता ते तपासणारं कोल्हापुरापासून मिरजेपर्यंत कुणी नव्हतं, आणि माझं मलाच बरोबर वाटणं काय किमतीचं असतं हे मी सत्तेचाळिसाव्या पानावर बघितलं होतं.

काकू चहा घेऊन बाहेर आल्या. पदरानं हात पुसत त्यांनी विचारलं, "झालं का गं तुझं तपासून? सगळं बरोबर आलं?"

"व्हय काकू," मी म्हणाले. "सगळं बरोबर हाय म्हनाले सर."